हलकं धरा, सरळ ओढा

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. हॉस्पिटलमधून घरी येऊन आठवडा झाला. झटका किरकोळ होता. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. इतकं शिकल्यावर साध्या गोष्टीला साधं नाव देणं जिवावर येत असणार. बोलणं शाबूत. चालणं शाबूत, फक्त उजवा पाय जरा मागे राहतो. डोकं पहिल्यापेक्षा जास्त चालतं.

रोजनिशी बोलून लिहितोय, कारण पेन बिघडलं आहे. काल हातात घेतलं तर टोपणाच्या बाजूने लिहायला लागलं. घरातली सगळी पेनं तपासली, सगळी तशीच. हल्ली मालच भिकार येतो. मुलीने फोनमध्ये सोय करून दिली आहे, मी बोलतो आणि फोन टाईप करतो. बटण आमची ही, म्हणजे बायको, दाबते आणि बाहेर जाते. रोजनिशी संपूर्ण खाजगी आहे.

संकल्प एकच. अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, दुकानात वार्षिक सेल सुरू होतोय. त्या दिवशी माझ्या काउंटरवर मी. मॅनेजर हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा म्हणाले, डेमोकाका, सेलच्या शनिवारपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे माझ्या हातात नाही. मी म्हटलं, माझ्या हातात आहे. निम्मं आयुष्य मी त्या दुकानात पीलर, किसणी, मिक्सर, लिंबू पिळायचं यंत्र चालवून दाखवत आलो. गिऱ्हाईकाला घरी गेल्यावर माझ्यासारखं जमत नाही, ही माझी ख्याती.

झालं. बंद कर गं.

३ फेब्रुवारी

सकाळी दात घासायला गेलो. ब्रशच्या पेल्यात कुणीतरी कंगवा ठेवला होता. हिचं म्हणणं, कुणी ठेवला नव्हता, तुम्हीच आरशाखालून उचललात. वाद घातला नाही. कंगव्याला पेस्ट लावून दातांवरून फिरवल्यास हिरड्यांना बराच मोकळेपणा येतो, असं आढळलं.

ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं, त्याचाही कुणी विचार करावा.

५ फेब्रुवारी, दुपार

थेरपीवाली मॅडम आली. वय आमच्या मुलीएवढं. मला काका म्हणते. पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. चमचा, कात्री, किल्ली, काकडी, पीलर. मांडणी अगदीच नवशिकी. उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे, हे साधं तत्त्व माहीत नाही. सांगितलं. तिने मांडणी बदलली. गुणी आहे.

चमचा दाखवून विचारलं, हे काय. चमचा. याचं काय करतात. मी चमच्याचे सात उपयोग सांगितले, त्यातला डब्याचं झाकण उचकटायचा तिला माहीतच नव्हता. मग म्हणाली, आता वापरून दाखवा. चमचा हातात घेतला. तो कानापाशी गेला आणि तिथेच राहिला. चमच्याचा दांडा चुकीच्या मापाचा आहे.

पुढे म्हणाली, हातात हातोडी आहे असं समजा आणि खिळा ठोकून दाखवा. मी स्पष्ट सांगितलं, मॅडम, जी वस्तू समोर नाही तिचा डेमो मी देत नाही. ती ग्राहकाची फसवणूक होते.

मग म्हणे, टाटा करून दाखवा. हात वर उचलला. वर गेल्यावर त्याचं काय करायचं ते ठरेना. मुठीचा पंजा झाला, पंजाची मूठ झाली, शेवटी मी डोकं खाजवलं. परीक्षा संपली.

ती निघाली. दारातून हात हलवला. मीही हलवला, झकास, मनगटातून. ती तिथेच थांबली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मी विचारलं, बघा, जमतंय की. तर म्हणाली, काका, एकदा परत करा ना. परत काही झालं नाही. मुद्दाम सांगितलेलं काम करायचा माझा स्वभावच नाही, हे हॉस्पिटलवाल्यांना कळत नाही.

ही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी होती. भांडं वगैरे काही धुवत नव्हती. पाणी वाया.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला एक डाग, चहा सांडल्यासारखा. म्हणाले, हातात ताकद आहे, डोळ्यांना दिसतं, वस्तू ओळखू येते, नावही येतं. फक्त वस्तू वापरायची कशी, हे जिथे साठवलेलं असतं तिथे मार बसलाय. म्हणून दोन्ही हात गोंधळतात. न ठरवता हात उठला तर बरोबर होईल, ठरवून करायला गेलात की अडेल.

मी विचारलं, म्हणजे हातांचा दोष नाही? नाही म्हणाले. मेंदूचाही नाही, कारण मार त्याला बसला. म्हणजे माझा कुठेच दोष नाही. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. आजाराचं नाव ॲप्रॅक्सिया. मिक्सरची कंपनी वाटते.

हिने विचारलं, सुधारेल का. सुधारतं, म्हणाले. पुढेही बरंच बोलले, वेळ लागतो, कुठवर ते सांगता येत नाही वगैरे. सुधारतं एवढं ऐकून मी उठलो होतो.

१२ फेब्रुवारी

शर्ट घालणं बंद केलं. टीशर्ट. तरुण दिसतो. बटणं ही मुळात वेळखाऊ वस्तू आहे, हे इतकी वर्षं ध्यानात आलं नाही.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आयुष्यात एक धड काम केलं नाही, पण सल्ल्यांचं गोदाम आहे. लोक माझ्याबद्दल म्हणायचे, डेमोकाकांचा हात बसलेला आहे. यावर मेहुणा म्हणाला, भाऊजी, आता खरंच बसला. स्वतःच हसला. मी चहाचा कप उचलून त्याच्याकडे रोखून पाहणार होतो, पण कप बशीसकट आला.

१४ फेब्रुवारी

आज बाथरूममध्ये बराच वेळ शांतपणे विचार करत बसलो होतो. बाहेर त्याचा वेगळा अर्थ काढला गेला.

आत जाताना कडी सवयीने लागली होती. निघताना कडीकडे पाहिलं. कडी म्हणजे काय ते माहीत. डावीकडे सरकवायची, हेही माहीत. हाताने ती दाबली, ओढली, थोपटली, एकदा तर तिला नळासारखं फिरवून पाहिलं. मग बादली पालथी घातली आणि बसलो.

ही दार वाजवत होती. म्हणत होती, अहो, नुसती डावीकडे सरकवा. मला माहीत आहे गं, म्हटलं. मग सरकवा ना. माहीत आहे म्हटलं ना. असं बरंच चाललं. तिला वाटत होतं मी ऐकत नाही. मी ऐकतच होतो. दोन बोटांचं काम, मधे एक दार, आणि दोघांना कडी कशी निघते ते पाठ. असा वेडगळ प्रकार मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

मेहुणा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. बिजागऱ्या काढताना त्याचं चुकत होतं. मी आतून सूचना दिल्या, वरचा स्क्रू आधी नको, दार अंगावर येईल. त्याने ऐकलं नाही आणि दार त्याच्या पायावर आलं. तेवढं बरं वाटलं.

आता घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढल्या आहेत. माझ्या खोलीची, बाथरूमची, सगळ्या. घर मोकळंढाकळं वाटतं. बाथरूममध्ये गाणं म्हणत बसायचं, म्हणजे कुणी आत येत नाही. मला दोनच गाणी येतात.

१५ फेब्रुवारी

काल एक गोष्ट सांगितली नाही. त्या बादलीवर बसलो असताना मी रडलो. नळ सोडून.

१६ फेब्रुवारी

कालची नोंद काढून टाकायची कशी ते कळेना. हिला सांगता येत नाही, ती वाचेल. राहू दे.

आज ही मला भरवत होती. सगळं मी सांगतो, तिने करायचं. जरा जास्त घे, फुंकर मार, आता पाणी. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. मी म्हटलं, तू नीट भरवत नाहीस, चमचा तिरका येतो. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग परत उचलला आणि सरळ धरला. मला लाज वाटली. माफी मागायची होती. त्याला तरी हात लागत नाहीत, पण मागितली नाही.

१८ फेब्रुवारी, मोठा दिवस

प्रकरण मिटलं.

मॅडम म्हणाली, काका, करताना काय करताय ते मोठ्याने बोलून बघा. पहिलं हे, मग हे, असं. मी बोलून पाहिलं. पहिलं ब्रश घेतो, मग पेस्ट घेतो. कंटाळवाणं. असं बोलून कुणाला काही विकलं जाईल का. मग तिने ते पीलर पुढे केलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं:

बघा ताई, या बघा दादा, हलकं धरा, सरळ ओढा. साल निघेल, कष्ट सोडा.

आणि निघाली. काकडीची साल, एक लांब पट्टी, टेबलाच्या कडेपर्यंत लोंबली. मी परत म्हटलं. परत निघाली.

मॅडम टाळ्या वाजवायला लागली. हिने पदर तोंडावर धरला. मला यात आश्चर्य काहीच वाटलं नाही. हातचा मळ आहे हा.

२० फेब्रुवारी

आता सगळ्याच वस्तूंचे डेमो बांधतोय. आरशासमोर उभा राहून दात घासतो: बघा ताई, ब्रश म्हटला की केसाळ बाजू तोंडात, दांडा बाहेर, उलटं कराल तर पैसे परत नाहीत. चालतं. मात्र समोर गिऱ्हाईक लागतं. आरशातला मी चालत नाही, तो मला आधीपासून ओळखतो. ही दारात उभी राहिली की जमतं. तिने मधेच एक प्रश्न विचारायचा, हे दुसऱ्या रंगात आहे का. मग हात सुसाट.

चमच्याचा डेमोही बांधला. अर्धं जेवण मी माझ्या हाताने जेवलो. उरलेलं गार झालं, कारण डेमो लांबला.

२३ फेब्रुवारी

गाजरं सोलतोय. हिच्या मते दहातली तीन होतात. तिची मोजायची पद्धत फार कडक आहे. सोलायला सुरुवात झालेलं गाजर ती धरतच नाही.

मॅडमला अठ्ठावीस तारखेचं सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, काका, घरी, त्याच खुर्चीत, काकूंसमोर जमणं वेगळं. तिथे गर्दी, आवाज, अनोळखी माणसं. दोन महिने तरी थांबा. मी म्हटलं, मॅडम, गर्दी हे माझं माहेर आहे. ती पोर अभ्यास करून आली आहे, पण सेलमध्ये कधी उभी राहिलेली दिसत नाही.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

उद्याची तयारी पूर्ण. दाढी मेहुण्याने करून दिली. एरवी त्याच्या हातात गळा दिला नसता.

ही म्हणाली, जाऊ नका. मी विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही का. तुमच्यावर आहे, म्हणाली. एवढंच. वाक्य पुरं करायची तिला सवयच नाही.

मग म्हणाली, मी बरोबर येते. मी म्हटलं, ये, पण मागे उभी राहा. बायको समोर असली की माणसाचं लक्ष उडतं.

२८ फेब्रुवारी

डेमो यशस्वी. सविस्तर उद्या.

१ मार्च

सविस्तर.

दुकानात पाय ठेवल्याबरोबर सगळे, डेमोकाका आले, डेमोकाका आले. काउंटर सजलेला. गाजरांचा ढीग, नवं पीलर, लाल दांड्याचं. गर्दी चांगली, बायका, दोन-चार पुरुष, कडेवरची पोरं. मी सुरू केलं. आवाज खणखणीत लागला. बघा ताई, या बघा दादा. माणसं वळली. हलकं धरा, म्हटलं. धरलं. सरळ ओढा, म्हटलं. ओढलं.

गालावरून.

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं, मीही हसलो. गालाला थोडं लागलं, अगदी थोडं. परत म्हटलं, हलकं धरा. आता गाजर पीलरवर आपटायला लागलं, खिळा ठोकावा तसं. हसणं कमी झालं. कुणीतरी फोन वर धरला. मॅनेजर खांबाशी उभे होते, ते दुसरीकडे बघायला लागले. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तोंड म्हणत होतं, सरळ ओढा, कष्ट सोडा, आणि हात हवेत धरलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. सगळं माहीत होतं. तेच तर. एखादी गोष्ट विसरली असती तर बरं झालं असतं, विसरलो म्हणता आलं असतं. हात दाखवून अवलक्षण, ही म्हण आजवर मी इतरांना ऐकवत आलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, भाऊ, मला जरा शिकवता का, मला मेलीला कधी जमत नाही.

ही. मला भाऊ म्हणाली. गर्दीतून पुढे आली, पिशवी काउंटरवर ठेवली आणि माझ्या हातातून पीलर काढून घेतलं, गिऱ्हाईक घेतं तसं, न विचारता. उलटं धरलं. मुद्दाम. मी म्हटलं, असं नाही ताई, पातं तुमच्याकडे नको. तिने वळवलं. हलकं धरा. धरलं. सरळ ओढा. साल निघाली. ती म्हणाली, अगं बाई. लोक हसले, पण हे हसणं मला ओळखीचं, हे खरेदीच्या आधीचं असतं. मी सांगत गेलो, ती करत गेली. गाजरं, काकड्या, बटाटे. मधेच म्हणाली, हे दुसऱ्या रंगात आहे का. मी म्हटलं, हिरव्यात आहे, निळ्यात आहे, ताई, तुमच्या नशिबात आहे. ट्रे रिकामा झाला.

निष्कर्ष: माझ्या सूचना आजही बाजारात अव्वल आहेत. हाताखाली मदतनीस असणं हे वरच्या पदाचं लक्षण आहे. उद्या मॅनेजरांचा फोन येईल तेव्हा स्टूल मागून घ्यायचं.

२ मार्च

फोन आला. ही स्पीकरवर लावते.

मॅनेजर फार छान बोलले. दुकानाला माझा अभिमान आहे. मी आता आराम करावा. आणि काकूंना सकाळच्या वेळेला पाठवाल का, म्हणाले. गिऱ्हाइकांनी विचारलं, त्या बाई परत कधी असतात.

मला वाटलं फोन बिघडला. तोही तपासायचा होता.

ही तिथल्या तिथे नाही म्हणाली. यांच्याकडे बघायला हवं, म्हणाली, आणि फोन ठेवून डाळ निवडायला बसली. मी म्हटलं, बरं केलंस. त्यांना तुझ्यातलं काय कळतं.

३ मार्च

डाळ कालच निवडून झाली होती. आज तीच परत निवडत होती.

मी विचारलं, काय झालं. काही नाही. परत विचारलं. मग म्हणाली, इतकी वर्षं घरात तुमचे डेमो ऐकले, दुकानात कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, मग. म्हणाली, त्या सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. बस.

झटका आल्यापासून ती भाजी आणायला सोडली तर कुठे गेली नाही. कड्या माझ्यासाठी काढल्या, पण आत दोघं होतो. हे मला आज दिसलं. बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी काउंटरवर उभा राहून ओळखतो, त्यावरच तर पोट भरलं. तिला ते हवं होतं.

मी म्हटलं, जा. एका दमात म्हटलं, थांबलो असतो तर म्हणता आलं नसतं. ती म्हणाली, तुमचं काय. मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे. त्यावर ती हसली, आणि मला तिचा इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. काउंटरवरची ती जागा माझी आहे.

५ मार्च, सकाळ

आज बटण मेहुण्याने दाबलं. बाहेर जा म्हटलं तर म्हणतो, ताईने एकटं सोडू नको म्हणून सांगितलंय. खुर्ची ओढून बसलाय. त्यामुळे हळू बोलतोय.

दुकानाने तिच्यासाठी नवा एप्रन पाठवला. कडक कापड, मागे लांब नाड्या. ती आरशासमोर उभी राहून बांधत होती, गाठ सैल पडत होती. मला बांधा म्हणाली नाही. मागू नये असं वाटलं असणार.

मी तिला शेवटच्या सूचना देत होतो. पहिलं गिऱ्हाईक थांबत नाही, त्याचं मनावर घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. पोर असलं कडेवर तर आधी पोराशी बोलायचं. असं बोलत बोलत मागे गेलो आणि माझ्या हातांनी नाड्या घेतल्या. एक वेढा दिला, ओढून घट्ट केला, एका नाडीचा फासही धरला. ती हलली नाही. श्वास सोडला नाही. मी पोरांबद्दलच बोलत होतो. मग आरशात तिचा चेहरा दिसला आणि त्यावरून मला कळलं, मी काय करतोय ते.

कळलं तिथे थांबलं. दोन्ही नाड्या बोटांत, आणि पुढचं येईना. काहीतरी म्हणून पाहावं तर गाठीचा डेमो मी कधी दिलेला नाही. त्याला माझ्याकडे शब्दच नाहीत. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मला भीती वाटली. ती आता जाईल आणि मी असाच हात पुढे धरून संध्याकाळपर्यंत उभा राहीन, असं वाटलं.

तिने हात मागे आणले, माझ्या बोटांतून नाड्या एकेक करून सोडवल्या आणि उरलेली गाठ स्वतः मारली. उशीर होतोय, म्हणाली. गेली.

अर्धी गाठ मी मारली. अर्धीच.